भाताच्या खताचा हिशेब : कोकणातली खाचरे आणि बदलत गेलेली गोणी

कोकणातल्या शेतकऱ्याला यंदा भाताला खत किती घातले असे विचारले, तर उत्तर किलोत क्वचितच मिळते. ते गोणीत मिळते. ‘वरच्या खाचरांना अर्धी गोण सुफला आणि बेणणीनंतर एक युरिया’ हे तिथले पुरेसे नेमके उत्तर असते (खाचर म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत, सुफला हे मिश्रखत आणि बेणणी म्हणजे तण काढणे). कृषी विद्यापीठाची शिफारस मात्र किलोत आणि हेक्टरात असते : सुधारित वाणांसाठी हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), ५० किलो पालाश (पोटॅशियम). गुंठ्याच्या भाषेत सांगायचे तर एका गुंठ्याला एक किलो नत्र, म्हणजे सव्वादोन किलोच्या आतबाहेर युरिया, आणि ४५ किलोच्या एका गोणीत साधारण वीस गुंठे. ही शिफारस अनेक वर्षे जवळपास तीच राहिली आहे, पण शेतात पडणारे खत मात्र सतत बदलत आले आहे. त्याचा प्रकार बदलला, प्रमाण बदलले, टाकण्याची वेळ बदलली आणि टाकणारी माणसेही बदलली. हा बदल कशाने होतो याचे सर्वांत ऐकू येणारे स्पष्टीकरण असे की शेतकऱ्याला आधी कळत नव्हते, मग कळले, मग त्याने अती केले. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. कोणत्या खताचे उत्तर पिकात किती लवकर दिसते आणि त्या उत्तराची किंमत काय पडते, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की बराचसा बदल उलगडतो.

सुरुवात राबापासून करावी लागते, कारण रासायनिक खत येण्याआधी कोकणात खत नव्हते असे नाही. ठाणे, कुलाबा म्हणजे आजचा रायगड, आणि रत्नागिरी या पट्ट्यात रोपवाटिकेची जागा, म्हणजे दाढ, उन्हाळ्यात भाजली जाई. आधी शेणी किंवा वाळके शेण, त्यावर ऐन-किंजळीसारख्या झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर असा राब रचत. तो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवायचा, म्हणजे आग भरकन न जाता धुमसत पुढे सरकते. यातून राख मिळते हे उघडच आहे, पण तेवढ्यासाठी इतका खटाटोप कोणी केला नसता. मातीला उष्णता लागल्याने तिच्यात अडकलेली अन्नद्रव्ये मोकळी होतात, तणाचे बी मरते, आणि पहिल्या पावसात पेरलेली रोपे एकसारखी, जोमदार वाढतात. सुमारे दहा गुंठ्यांच्या दाढीतली रोपे एक हेक्टरला पुरतात. म्हणजे सारे खत शेताच्या दहाव्या हिश्श्यावर एकवटलेले असे आणि बाकीच्या शेताला त्याचा लाभ रोपांच्या तब्येतीतून मिळे.

या पद्धतीला जमीन लागे. भाताच्या खाचराला जोडून गवताची, झुडपांची वरकस जमीन असे, आणि ती पडीक समजली जात नसे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यातसुद्धा भातशेतीच्या राबासाठी वापरली जाणारी जमीन अशी वरकस जमिनीची व्याख्या आहे. त्याआधी, १८८५ च्या सुमारास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलखात्याने कवळ तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा इतका असंतोष झाला की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. खतासाठीचा झगडा म्हणजे आज आपल्या डोळ्यांसमोर युरियाची रांग येते. तेव्हा तो फांद्यांसाठी होता.

राब मागे पडला तो त्याची उपयुक्तता कुणी खोटी ठरवली म्हणून नव्हे. कवळ तोडायला माणसे लागतात, भारे वाहायला बायका लागतात, शेणासाठी गुरे लागतात. घरातले तरुण गिरणीत आणि नंतर कारखान्यांत गेले, गुरे कमी झाली, वरकसावर आंब्याची कलमे उभी राहिली किंवा ती जमीन फार्महाऊससाठी विकली गेली. मुंबईहून येणारी मनिऑर्डर मात्र वेळेवर येत राहिली. माणूस नाही पण पैसा थोडाफार आहे, अशा घराला गोणी हा सोयीचा पर्याय असतो : ती एक माणूस एका दिवसात टाकू शकतो. कोकणात रासायनिक खताने पहिल्यांदा जागा घेतली ती मजुरीची, उत्पादनवाढीचा भाग नंतर आला, असे माझे मत आहे.

उत्पादनवाढीसाठी आधी भाताचे झाडच बदलावे लागले. जुने स्थानिक वाण कमरेच्या वर, कधी छातीपर्यंत वाढत. त्यांना नत्र जास्त मिळाले की पानोळा वाढे, झाड आणखी उंच होई आणि लोंबी भरायच्या वेळेस सारे पीक लोळे. लोळलेल्या भाताचा दाणा पाण्यात कुजे किंवा जागच्या जागी उगवे. म्हणजे जुना शेतकरी भाताला फार खत घालत नसे त्यात त्याचा हिशेब चोख होता. १९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हे बुटके वाण दिले, १९६८ साली भारतात ‘जया’ आले, आणि पुढे कर्जत आणि रत्नागिरीच्या संशोधन केंद्रांतून कोकणाला मानवतील अशी हळवी, निमगरवी आणि गरवी, म्हणजे लवकर, मध्यम आणि उशिरा पिकणारी वाणे निघत गेली. बुटक्या, ताठ खोडाच्या झाडाला दिलेले नत्र उंचीत न जाता फुटव्यांत आणि दाण्यांत जाते. खत तेच, जमीन तीच. फक्त झाड बदलल्यामुळे एका किलो नत्राची किंमत बदलली. ज्या खाचरात आजही घरापुरता जुना वाण लावतात तिथे युरिया कमी टाकतात, आणि तो कमीच टाकायला हवा.

याच काळात खत जवळ आले. मुंबईत तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, कारखाना १९६५ पासून खत बनवू लागला. १९७८ मध्ये तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे आला आणि १९८५ च्या सुमारास अलिबागजवळ थळला नैसर्गिक वायूवर चालणारा युरियाचा मोठा कारखाना सुरू झाला. ‘सुफला’ हे एका उत्पादनाचे नाव कोकणात जवळपास मिश्रखताचे सामान्यनाम बनले. त्यातल्या १५:१५:१५ या आकड्यांचा अर्थ असा की ५० किलोच्या गोणीत साडेसात-साडेसात किलो नत्र, स्फुरद आणि पालाश आहे. बाकीचा भार ही अन्नद्रव्ये ज्या क्षारांत असतात त्यांचा.

आता मुख्य मुद्दा. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे आपण एका दमात घेतो, पण शेतकऱ्याला ती तीन वेगळ्या वेगाने उत्तर देतात. पिवळट पडलेल्या भाताला युरिया दिला की आठवड्याभरात पान काळपट हिरवे होते. बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्यालाही ते दिसते. स्फुरद कमी पडले तर फुटवे कमी येतात आणि पीक पक्व व्हायला उशीर लागतो, पण तुलनेला खत दिलेले खाचर बाजूला नसेल तर हे लक्षात येत नाही. शिवाय आधीच्या वर्षांत दिलेल्या स्फुरदाचा काही अंश मातीत शिल्लक असतो, म्हणून एखादे वर्ष ते नाही दिले तरी पीक बिचकत नाही. पालाशाची कमतरता आणखी सावकाश उघडी पडते : पानांची टोके करपतात, तपकिरी ठिपके वाढतात, खोड नरम पडते, आणि हे सारे रोगाच्या खात्यावर जमा होते. जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाचा हिशेब तर दशकांचा असतो. ज्याचे उत्तर आठ दिवसांत येते ते खत माणूस धरून ठेवतो आणि ज्याचे उत्तर पाच वर्षांनी येते ते तंगीच्या वर्षी प्रथम वगळतो. यात अडाणीपणा नाही. पगारदार माणूससुद्धा विम्याचा हप्ता चुकवतो, विजेचे बिल चुकवत नाही.

या नैसर्गिक कलाला सरकारी किमतींनी जोर दिला, आणि इथे थोडे तपशिलात गेले पाहिजे. १९७३ च्या तेलसंकटानंतर खताचे भाव भडकले, १९७४ मध्ये युरिया जवळजवळ दुप्पट महागला आणि देशातला वापर घटला. त्यानंतर नेमलेल्या मराठे समितीच्या शिफारशींवरून १९७७ मध्ये अशी व्यवस्था सुरू झाली की शेतकऱ्याला भाव ठरलेला आणि कारखान्याला उत्पादनखर्च व परतावा मिळून जी रक्कम होते तिच्यातला फरक सरकार देणार. वापर वाढला, अनुदानही वाढले. आर्थिक संकटानंतर, ऑगस्ट १९९२ मध्ये, स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, पण युरिया नियंत्रणातच राहिला आणि उलट काहीसा स्वस्त करण्यात आला. देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ वर गेले. सर्वसाधारण आदर्श म्हणून ४ : २ : १ हे प्रमाण सांगितले जाते, ते साऱ्या पिकांना आणि साऱ्या जमिनींना सारखे लागू आहे असे मानू नये, पण दिशा कळायला पुरेसे आहे. पुढे सवलती देऊन हे प्रमाण २००९-१० पर्यंत ४.३ : २ : १ वर आणले गेले. मग एप्रिल २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, म्हणजे अन्नद्रव्याच्या किलोमागे सरकारची रक्कम ठरलेली आणि विक्रीचा भाव मोकळा, त्यात युरिया पुन्हा वगळला गेला, आणि २०१२-१३ मध्ये प्रमाण परत ८.२ : ३.२ : १ झाले. देशभरातले कोट्यवधी शेतकरी एका वर्षात शहाणे किंवा वेडे होत नाहीत. डीएपीची, म्हणजे नत्र आणि स्फुरद देणाऱ्या खताची, गोणी २०१० च्या आधी पावणेपाचशेच्या आत होती. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशाच्या खताची सव्वादोनशेची गोणी दोन-तीन वर्षांत आठशेच्या पुढे गेली. शेतकऱ्याने पालाश सोडले ते या आकड्यांमुळे.

आजच्या भावाने हिशेब मांडून पाहावा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तिच्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. एक किलो नत्र साधारण १३ रुपयांना पडले. डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना. तिच्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. नत्राचे ११७ रुपये वजा केले तर एक किलो स्फुरदाला ५३ ते ५४ रुपये पडतात, म्हणजे नत्राच्या चौपट. युरियाचा मूळ भाव २०१२ नंतर जवळजवळ हललेला नाही. मजुरी, डिझेल, बियाणे यांच्याशी तुलना केली तर तो दरवर्षी स्वस्त होत आला आहे. युक्रेनचे युद्ध सुरू झाले त्या वर्षी जागतिक भाव गगनाला भिडले, केंद्राचा खत अनुदानाचा खर्च २०२२-२३ मध्ये सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेला, आणि बांधावर युरियाची गोणी त्याच भावाला मिळत राहिली. शेतकऱ्याला किमतीतून मिळणारा इशारा असा एका बाजूने पूर्ण बंद आहे.

स्वस्त असला तरी युरियाचा बराचसा भाग भाताला मिळतच नाही. चिखलात फेकलेल्या युरियातून सर्वसाधारणपणे ३० ते ४० टक्के नत्र पिकाच्या अंगी लागते. बाकीचे कुठे जाते हे समजून घेतल्याशिवाय पुढचा बदल कळणार नाही. युरिया पाण्यात विरघळतो आणि दोन-चार दिवसांत त्याचे अमोनियमात रूपांतर होते. साचलेल्या पाण्यात शेवाळ असते. ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू (पीएच) ८ ते ९ च्या घरात चढतो, आणि अशा पाण्यातून अमोनिया वायुरूपाने उडून जातो. मातीच्या अगदी वरच्या, काही मिलिमीटरच्या थरात थोडा प्राणवायू असतो. तिथे उरलेल्या अमोनियमाचे नायट्रेट बनते, ते खालच्या प्राणवायूहीन चिखलात झिरपते आणि तिथले जीवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात. त्याचा थोडा अंश नायट्रस ऑक्साइड असतो, जो तापमानवाढीच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशे पटींहून अधिक भारी पडतो. ज्या चिखलात धान्यांपैकी जवळपास एकट्या भातालाच राहता येते, त्याच चिखलामुळे त्याचे खत निसटते.

कोकणात याच्या जोडीला पाऊस. हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस होणाऱ्या उतारावर खाचरे पायऱ्यांसारखी असतात आणि पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरते. शिफारस सांगते की युरिया देण्याआधी पाणी काढा, खत द्या, आणि चोवीस तासांनी पाणी पुन्हा बांधा. आषाढात वरून पाण्याचा लोट चालू असताना मधल्या खाचरवाल्याने पाणी काढायचे म्हणजे नक्की काय करायचे, हा प्रश्न त्या शिफारशीत नसतो. वरच्याने टाकलेला युरिया खालच्याच्या भातात दिसतो, यावरून भावकीत झालेली बोलाचाली तिथे नवी नाही. त्यामुळे नत्र तीन हप्त्यांत द्यावे, चिखलणीला ४० टक्के, फुटव्याला ४० टक्के आणि लोंबी धरताना २० टक्के, ही सूचना शेतात बहुधा दोन हप्त्यांवर येते. बेणणीनंतर पावसाने जी चार दिवस उघडीप दिली त्यात जे काही टाकायचे ते टाकले जाते. तिसरा हप्ता पीक कसे दिसते, खिशात काय आहे आणि गणपती किती जवळ आला आहे यावर ठरतो. एकाच शेतकऱ्याचा वापर सलग दोन वर्षे वेगळा दिसतो याचे कारण अनेकदा हे चार दिवस असतात.

गेलेल्या नत्राची भरपाई म्हणून आणखी युरिया टाकला की दुसरी अडचण उभी राहते. कोवळ्या, रसरशीत पानावर करपा आणि कडा करपा वाढतो, तपकिरी तुडतुडे येतात, आणि खताच्या खर्चाच्या मागोमाग औषधाचा खर्च लागतो. त्यातही पहिल्या २० किलो नत्राने जेवढा दाणा वाढतो तेवढा पुढच्या वीसने वाढत नाही, आणि कुठेतरी पुढचे वीस किलो फक्त पेंढा वाढवतात.

पेंढ्याचा उल्लेख आलाच आहे तर पालाशाची गोष्ट तिथेच आहे. भाताने जमिनीतून उचललेल्या पालाशापैकी सुमारे चार पंचमांश पेंढ्यात राहते. दाण्यात फार थोडे जाते. एक टन पेंढ्यात साधारण १५ ते २० किलो पालाश असते. घरची गुरे होती तेव्हा पेंढा गोठ्यात जाई, शेण आणि मूत्र उकिरड्यात येई आणि चैत्र-वैशाखात ते पुन्हा खाचरात पडे. पालाशाचे हे वर्तुळ जवळजवळ पूर्ण होते. आता गुरे नाहीत, म्हणून पेंढा विकला जातो. काही तबेल्यांना जातो, आणि काही आंब्याच्या पेट्यांमध्ये पसरला जातो. देवगड-रत्नागिरीच्या हापूसखाली जो पेंढा असतो त्याच्यासोबत कोणाच्या तरी खाचरातले पालाश वाशीच्या बाजारात पोहोचते, आणि त्याचा हिशेब आंब्याच्या पट्टीत कोणी लावत नाही. म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश महाग झाले नेमके त्याच काळात ते बाहेरून आणण्याची गरजही वाढली होती.

स्फुरदाच्या बाबतीत कोकणची जांभी माती स्वतःच अडून बसते. तिच्यातली लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगे स्फुरद घट्ट धरून ठेवतात. खाचरात पाणी उभे राहिले की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरलेले काही स्फुरद सुटते. म्हणून त्याच मातीत भाताला जे स्फुरद मिळते ते पाणी सुकल्यावर रब्बीतल्या वालाला किंवा चवळीला तेवढे मिळत नाही. भाताचे स्फुरद वगळून शेतकऱ्याचे लगेच बिघडत नाही, याचे अर्धे कारण हे आहे.

सूक्ष्म अन्नद्रव्ये या कथेत उशिरा येतात. भरघोस पीक दरवर्षी काढले आणि बाहेरून फक्त नत्र-स्फुरद दिले, की एक दिवस तिसरेच काही संपते. १९६६ साली पंतनगरला डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवून दिले की हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या भातावर पडणारा ‘खैरा’ हा संसर्गजन्य रोग नसून जस्ताची उणीव आहे. झिंक सल्फेट दिले की तो जातो. तोवर त्याच्यावर रोग समजून उपाय चालले होते.

मग काळाच्या ओघात जमिनीचे काय होते, हे एका शेतकऱ्याच्या आठवणीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी तीच जमीन, तेच खत, दशकानुदशके अशा नोंदी लागतात. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस इथे १९६० च्या दशकापासून एकाच शेतात वर्षाला दोन, तीन भाताची पिके घेण्याचा प्रयोग चालू आहे. तिथे नत्राची मात्रा तीच ठेवूनही उत्पादन काही दशके घसरत गेले. मातीतले एकूण नत्र कमी झाले नव्हते. पण वर्षभर पाण्याखाली राहणाऱ्या मातीत सेंद्रिय पदार्थ अशा रूपात साचत गेले की त्यांच्यातले नत्र पिकाला हवे तेव्हा सुटेना. खताच्या मात्रेची आणि वेळेची फेरजुळणी केल्यावर उत्पादन सावरले. भारतातही १९७० पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे दीर्घकालीन खतप्रयोग चालू आहेत, आणि त्यांचा ठळक निष्कर्ष असा की नुसते नत्र देत राहिलेल्या वाफ्यांचे उत्पादन घसरते, तर संतुलित रासायनिक खताला शेणखताची जोड दिलेल्या वाफ्यांचे टिकते. हा निष्कर्ष शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. तो अंमलात येईल की नाही हे जमीन कोणाची आहे यावरही ठरते : जो खंडाने किंवा अर्धेलीने एका वर्षापुरते खाचर करतो, तो पाच वर्षांनी उत्तर देणारे शेणखत त्यात कशासाठी ओतील?

सरकारला हे वर्तन कळत नाही असे नाही. २०१५ मध्ये सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो आणि युरिया कारखान्यांकडे वळवणेही अवघड होते. मार्च २०१८ पासून गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली. त्यामागचा तर्क मला फार बोलका वाटतो : शेतकरी किलोत मोजत नाही, गोणीत मोजतो, म्हणून गोणी लहान केली की एकराला दोन गोण्या टाकणारा दोनच टाकेल आणि वापर दहा टक्क्यांनी घटेल. पुढे गंधकाचा लेप असलेला युरिया आला तो ४० किलोच्या गोणीत, त्याच २६६ रुपये ५० पैशांना. २०२१ मध्ये आलेल्या द्रवरूप नॅनो युरियाची ५०० मिलिलिटरची बाटली एका गोणीची जागा घेईल असे सांगितले गेले. चार टक्के नत्राच्या हिशेबाने त्या बाटलीत २० ग्रॅम नत्र होते आणि गोणीत २०.७ किलो, पानावाटे शोषण कितीही कार्यक्षम मानले तरी एवढी तफावत त्याने भरून निघते, यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते. मृद आरोग्य पत्रिकेची कल्पना चांगली होती, पण कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकटीला मातीचा एक नमुना घ्यायचा असे ठरले. कोकणात दहा हेक्टर म्हणजे हजार गुंठे : तेवढ्यात वरकस, जांभा, खाडीकाठची खारी जमीन आणि पन्नास जणांची खाचरे बसू शकतात.

या सगळ्यात कोकणातूनच निघालेला एक उपाय वेगळा आहे, कारण तो मात्रेऐवजी जागा बदलतो. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत भाताचे तूस किंवा पेंढा जमिनीला परत देणे, गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाचा पाला चिखलात गाडणे, रोपांची नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट्स, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, खोल रोवणे ही चार कामे आहेत. पहिली दोन म्हणजे राबाच्या आणि कवळाच्या जागी बांधावरच उभे केलेले खत. गिरीपुष्पाची खुंटे बांधावर लावली की डोंगर चढावा लागत नाही. पण खरी गंमत शेवटच्या दोनांत आहे. दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आळीपाळीच्या खुणा करून लावणी केली की चार-चार चुडांचे (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांचे) लहान चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट सात ते दहा सेंटीमीटर खोल, लावणीच्याच दिवशी, हाताने दाबायची. त्या खोलीवर प्राणवायू नाही, म्हणून नायट्रेट बनत नाही. वरच्या पाण्याशी संबंध नाही, म्हणून अमोनिया उडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस आला तरी खत वाहून खालच्या खाचरात जात नाही. मुळे तिथपर्यंत पोहोचतात आणि पुढचे दोन महिने हळूहळू खातात. हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेट्समधून साधारण ६० किलो नत्र जाते, तरी शंभराच्या शिफारशीच्या तोडीचे पीक मिळू शकते. बांगलादेशात हीच कल्पना ‘गुटी युरिया’ या नावाने मोठ्या क्षेत्रावर पसरली.

कोकणात ती तेवढी का पसरली नाही, याचे उत्तर पुन्हा राबाच्याच जातीचे आहे. एका हेक्टरमध्ये असे ६२,५०० चौकोन होतात, म्हणजे वाकून तितक्या वेळा बोट चिखलात घालायचे, आणि तेही लावणीच्या त्या आठवड्यात, जेव्हा साऱ्या गावाला एकाच वेळी माणसे हवी असतात आणि दिवसाची मजुरी दोन युरियाच्या गोण्यांच्या वर गेलेली असते. पाच-दहा गुंठ्यांचे घराजवळचे खाचर असेल, दोरी धरायला घरचीच माणसे सुट्टीला आलेली असतील, तर ते काम होऊन जाते. एकरभर खाचरे मजुरांच्या टोळीकडून उक्ते लावून घेणाऱ्याला ती टोळी दोरीसुद्धा धरू देत नाही, कारण तिला त्याच दिवशी पुढचे शेत गाठायचे असते. हाताने ढकलायची आणि यंत्राला जोडायची ब्रिकेट रोवणारी अवजारे करून पाहिली गेली आहेत. दगडगोटे असलेल्या, तीन गुंठ्यांच्या वळणदार खाचरात ती वळवणे हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे.